बुडालेलं नाणं

६ मे

आज सगळे मटार खड्ड्यात पुरले. सोललेले, उकळत्या पाण्यातून काढलेले, पुसून पिशव्यांत भरलेले मटार. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबून ठेवले होते आणि तो कप्पा म्हणजे नावालाच बर्फाचा. पिशव्यांना पाणी सुटलं होतं, उघडली की आंबूस वास. हे म्हणाले, "एवढं काय त्यात, उकळून खाऊ." मी नाही म्हटलं. लेकीला दिवस गेलेत, शेवटचे महिने ती आमच्याकडे येऊन राहणार. तिच्या ताटात असलं काही वाढायचं या विचारानेच भीती वाटते.

मी मुळातच भित्री. आई म्हणायची, ही पोरगी स्वतःच्या सावलीलाही वळसा घालून जाते.

इथल्या थंड डोंगरी हवेत मटार उन्हाळ्यातही भरपूर येतो; गेल्या वर्षी बागेतला निम्मा माल लोकांना वाटला, उरलेला सडला. या वर्षी चांगला, भरवशाचा फ्रीझर घ्यायचाच.

९ मे

दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक उभा, कपाटासारखा. खण असतात, मका कुठे, पालक कुठे ते लगेच सापडतं, पण दार उघडलं की गार हवा भसकन खाली सांडते. दुसरा आडवा, पेटीसारखा, झाकणाचा. वीज गेली तरी बराच वेळ थंड राहतो, पण तळाशी गेलेली पिशवी काढायची म्हणजे विहिरीत वाकल्यासारखं वाकायचं. माझी कंबर ही अशी. उभाच घ्यायचं ठरवलं.

हे सगळं चाललं असताना हे दुकानभर फिरत होते, एकेका यंत्राच्या मागे जाऊन वायरी बघत होते. यांचा उभा जन्म छापखान्यात गेला, फोरमन म्हणून. निवृत्त झाले तरी यंत्र दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, काका, तुमचं काय मत? तर म्हणाले, "संध्याकाळी हे सगळं बंद कोण करतं?" दुकानदार म्हणाला, मीच करतो काका, दुसरं कोण करणार. आम्ही हसलो.

१४ मे

फ्रीझर आला. परसातल्या कोठीत ठेवला. तिथे गारवा असतो, भिंतीला वेगळं बटण आहे आणि घरात त्याचा आवाज येत नाही. यांनी कान लावून ऐकलं आणि पसंतीची मान हलवली. मला आज फार दिवसांनी हलकं वाटतंय.

२ जून

मटाराचा दुसरा तोडा, पालक, थोडी गाजरं. तीन खण भरले. रोज सकाळी हे माझ्याआधी उठून कोठीत एक फेरी मारून येतात. माझ्या काळजीपोटीच, दुसरं काय. बोलून दाखवायचा स्वभाव नाही.

८ जून

मटाराची पिशवी काढली तर आत एकच ढेकूळ. सुटे गोठवलेले दाणे असे एकमेकांना कसे चिकटतील? मध्ये कधीतरी वितळले आणि पुन्हा गोठले, एवढाच अर्थ. खालच्या खणाच्या तळाशी बर्फाची लादी. आणि फ्रीझर तर मजेत घुमतोय, जणू काही झालंच नाही.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, दार नीट लागत नसेल, फटीत कागद धरून बघा. बघितलं. कागद ओढून निघाला नाही, फाटला.

सगळं पुरलं. खड्डा उकरताना यांनी हात लावला नाही, ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी दोनदा ये-जा केली तरी तेच पान. 

११ जून

शेजारीण कुंपणापाशी आली होती. तिला सांगितलं. तिने एक युक्ती सांगितली. वाटीत पाणी गोठवायचं, बर्फावर एक नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यायची. नाणं वरच राहिलं तर सगळं ठीक. बुडालं तर समजायचं, आपल्या नकळत बर्फाचं पाणी झालं होतं.

ठेवलं. जाताजाता ती म्हणाली, आमचे हे विचारत होते, बुद्धिबळाला यायचं का बंद केलं? काही राग आहे का? मी घरात येऊन यांना विचारलं. म्हणाले, "तो लबाडी करतो. माझं लक्ष नसलं की मोहरे हलवतो." इतक्या वर्षांचा खेळ आणि आता ही भांडणं. म्हातारपणी माणसं लहान होतात हेच खरं.

१२ जून

नाणं वरच.

१३ जून

नाणं वरच. मी उगाच यंत्राला बोल लावत होते की काय?

१५ जून

नाणं बुडालं.

सकाळी वाटी काढली. बर्फ अगदी गुळगुळीत, काचेसारखा, आणि नाणं पार तळाला. मला वाटतं मी बराच वेळ ती वाटी हातात घेऊन उभी होते, कारण बोटं बधिर झाली. बर्फावर चरा नाही, ओरखडा नाही. नाणं आपलं आपण खाली गेलं आणि वरून पाणी बंद झालं. घरात आम्ही दोघं जेवत होतो, बोलत होतो आणि इकडे हे चाललं होतं.

१८ जून

दुकानदार तक्रार ऐकून चेहरा वाकडा करणार असं धरून गेले होते. पण नाण्याचं ऐकून तोही चक्रावला. यंत्र बदलून द्यायला तयार आहे. या वेळी आडवा घेतला. कंबर गेली खड्ड्यात. बंद पडला तरी निदान थंड तरी राहील.

हे दुकानात आले नाहीत. बूट घालून दारापर्यंत आले आणि मग म्हणाले, मी कुठे निघालो होतो? मी म्हटलं, राहू द्या, तुमचं मन नाही ते दिसतंय.

२९ जून

आडव्यातही तेच. नाणं तळाला गेलं नाही, पण बर्फात रुतून बसलंय, वर पातळ पापुद्रा. दोन वेगळे फ्रीझर, दोन वेगळ्या बनावटी आणि एकच खोड? दुकानदाराला काय सांगू? तो आता मलाच वेड्यात काढेल.

फरसबी तोडणीला आलीय. कुठे ठेवू कळत नाही. लेकीचा फोन आला की भाजीचा विषय टाळते.

३ जुलै

वायरमनला बोलावलं. त्याने कोठीतलं बटण उघडलं, वायर तपासली, फ्यूज बघितला. सगळं ठणठणीत. मग हात पुसत विचारलं, "काकू, घरात कोण कोण असतं?" आम्ही दोघंच, मी म्हटलं. म्हणाला, "मग कोणीतरी बटण बंद करतंय. आणि नंतर चालू करतंय."

मला राग आला. म्हटलं, आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत? तो खांदे उडवून निघून गेला. पण राग ओसरल्यावर जे मागे राहिलं ते वाईट होतं. कोणीतरी. परसाचं दार नुसत्या कडीवर असतं. कुंपण तर शेळीही ओलांडेल. कोण येत असेल? आणि कशासाठी? चोराने काही चोरलं तर समजू शकते. नुसतं येऊन बटण बंद करून जाणाऱ्याचं काय करायचं?

४ जुलै

कोठीला मोठं कुलूप आणलं. दोन किल्ल्या. एक माझ्या कमरेला, एक यांच्याकडे. यांनी ती आपल्या जुन्या जुडग्यात अडकवली आणि खुश झाले. संध्याकाळी बागेतून आले तर हे परसात उभे, पायांत बूट, भांग पाडलेला, किल्ल्या वाजवत. म्हणाले, "झालं, निघू या." मी म्हटलं, हो, निघू या स्वयंपाकघरात, कांदा चिरून द्या. मुकाट आले आणि चिरून दिला. यांचा विनोद हल्ली असाच असतो, अर्धवट.

७ जुलै

कुलूप जसंच्या तसं. नाणं पुन्हा रुतलेलं.

म्हणजे बाहेरचं कोणी नाही. दोनच किल्ल्या. यांचा तर प्रश्नच नाही, ज्या माणसाने आयुष्यभर एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मग उरलं कोण?

हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. आई शेवटी शेवटी मला बघून विचारायची, आपण कोणाकडे आलात? तिचीही सुरुवात अशीच झाली होती. ती चप्पल पिठाच्या डब्यात ठेवायची आणि मग चोर आला म्हणून ओरडायची. स्वतः करायची आणि तिला ठाऊक नसायचं.

मला ठाऊक नाही असं मी काय काय करत असेन?

८ जुलै

यांना सांगितलं. अंगणात बसलो होतो. म्हटलं, अहो, मला वाटतं मीच ते बटण बंद करते आणि विसरते. आईसारखं. यांनी माझा हात हातात घेतला. कधी नव्हे ते. मी म्हटलं, माझ्यावर लक्ष ठेवा. काही वेडंवाकडं दिसलं तर लपवू नका. "ठेवीन," म्हणाले. "तू घाबरू नकोस. मी आहे." एवढा धीर मला कुणीच दिला नव्हता. रडू आलं.

११ जुलै

मी सकाळी दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा द्यायच्या कामावर जाते; आज तिथे एका बाईंना चुकीची वेळ दिली. पूर्वीही चुकत असे, पण तेव्हा ती नुसती चूक होती. आता घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या दुकानांची नावं पाठ म्हणत आले. सगळी आठवली. उलट्या क्रमानेही. मग वाटलं, आईलाही जुन्या गोष्टी घडाघडा आठवायच्या.

नळ उघडा राहून पालकाचा वाफा वाहून गेला. मी बंद केला होता असं मला वाटतंय. आता माझ्या वाटण्याला काय किंमत आहे?

१६ जुलै

लेकीचा फोन. म्हणाली, आई, बाबा ठीक आहेत ना? परवा त्यांनी मला एकाच फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं, तुझी परीक्षा कधी आहे. मी म्हटलं, त्यांना काय धाड भरलीय, गंमत करत असतील. इथे मीच... आणि थांबले. तिला या अवस्थेत काय सांगायचं?

 ती म्हणाली, मी लवकर येऊ का? नको म्हटलं. एक वर्ष बागेतलं काही खाल्लं नाहीस तर मरणार नाहीस, असंही म्हटलं. आवाज चढला माझा. का चढला कोण जाणे.

२० जुलै

उद्या कोठीत लपून बसायचं ठरवलंय. मीच बंद करत असेन तर तिथे बसलेली असताना करणार नाही आणि नाणं वर राहील. दुसरं कोणी असेल तर दिसेल. यांना सांगणार आहे की शेजारी चाललेय.

खरं सांगायचं तर दोनच भीती आहेत. कोणीतरी येईल ही एक. कोणीच येणार नाही ही दुसरी. दुसरी मोठी आहे.

२१ जुलै

जसं झालं तसं लिहिते.

ऊन उतरल्यावर कोठीत गेले, दार नुसतं लोटलं आणि फळीमागे रिकाम्या पोत्यांवर बसले. फ्रीझर घुमत होता. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी जमिनीवर पडली होती.  मग फरशीवर बुटांचा आवाज आला.

हे आत आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, हातात जुडगा. कोठी केवढी, चार पावलांची, पण हे एखाद्या मोठ्या दालनातून चालावं तसे चालत होते. शिडीपाशी थांबले, तिथे नसलेला दांडा खाली ओढला. बटाट्याच्या पोत्यापाशी थांबले, वाकून काहीतरी तपासलं. मग फ्रीझरपाशी आले. जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा झाकणावर तळहात ठेवला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. घुमणं थांबलं. "चला," ते म्हणाले, "उरलेलं उद्या."

तेवढ्यात मी दिसले. दचकले नाहीत. चेहऱ्यावर नुसती काळजी.

"बाई, तुम्ही अजून घरी गेला नाहीत?"

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला तुम्ही म्हटलेलं नाही. माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही, पण मी म्हटलं, "निघतेच आहे."

"उशीर करू नका. घरी वाट बघत असतील."

माझ्यासाठी दार धरलं. मी बाहेर पडले. यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "अगं, आज शेंगा तोडल्या नाहीस?" अगदी नेहमीचा आवाज.

पहिल्यांदा मला काय वाटलं तेही लिहिलं पाहिजे. सुटल्यासारखं वाटलं. मी नाही. देवा, मी नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी होते आणि चक्क हसू येत होतं. मग यांनी बुटांचे बंद सोडायला पाय वर घेतला आणि ते हसू आत कुठेतरी अडकलं. आता जी भीती आली आहे तिच्यापुढे ती चोराची भीती म्हणजे पोरखेळ होता.

२३ जुलै

काहीही लिहिवत नाही. परवाचं पान वाचलं. मग मागची सगळी. सकाळची कोठीतली फेरी, नळ, बुद्धिबळ, परीक्षा, एकाच पानावर उघडं वर्तमानपत्र. माझ्याच अक्षरात सगळं. कुणीही शहाणं माणूस ओट्यावर बसून सांगू शकलं असतं.

२८ जुलै

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साध्या साध्या गोष्टी विचारल्या. महिना कोणता याला हे म्हणाले, "कॅलेंडर आम्हीच छापायचो, तुम्हीच बघा." डॉक्टर हसले, पण लिहून घेतलं. मग मला वेगळं बसवून सांगितलं. सुरुवात आहे, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल. रागावू नका, घाई करू नका, त्यांना खोटं पाडू नका.

परत येताना वाटेतल्या सार्वजनिक बागेत बाकावर बसलो. यांनी समोर बघत विचारलं, "ते बटण मीच बंद करतो का?"

"हो," मी म्हटलं.

 मग म्हणाले, "मला वाटलं तूच विसरतेस. तू सांगितलं होतंस ना, लक्ष ठेवा. मी ठेवत होतो. रोज हाच विचार यायचा. तुझं असं झालं तर काय करायचं. मला तर अंडंही उकडता येत नाही."

मी हसले. हेही हसले. शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून बघितलं, त्याला वाटलं असेल, काय मजेत आहेत दोघं.

१ ऑगस्ट

लेक म्हणाली, फ्रीझर देऊन टाक, कटकटच संपेल. तिचं खरं आहे. पण संध्याकाळी हे बूट घालून निघतात तेव्हा त्यांचा चेहरा तिने बघितलेला नाही. दिवसभर हरवल्यासारखे असतात. तेवढा वेळच पाठ ताठ असते. कोठीत बंद करण्यासारखं काही उरलं नाही तर हे कुठे जातील? खऱ्या छापखान्याकडे चालू लागले तर? तिथे आता कोण आहे?

आणि बाळ येणार आहे. त्याच्या आईला खायला चांगलं लागेल. मी नाही देणार फ्रीझर.

६ ऑगस्ट

वायरमनला पुन्हा बोलावलं. आधी माफी मागितली. मग सांगितलं काय हवंय ते. फ्रीझरची वायर मागून थेट घ्यायची, हाताला लागेल असं बटण नको. आणि समोर भिंतीवर एक मोठं बटण लावायचं, ज्याने काहीच बंद होणार नाही. त्याने कशासाठी ते विचारलं नाही. थोडं थांबून म्हणाला, "काकू, वर एक लाल दिवा लावून देतो. बटण दाबलं की तो विझेल. विझलेला दिसला की माणसाला बरं वाटतं."

९ ऑगस्ट

गेले दोन दिवस यांनी बटण दाबलं, दिवा विझला, कुलूप लावून घरी आले. फरसबी सुटी राहिली, तुकडा न् तुकडा. मी स्वतःला शाबासकी देत होते.

आज मीही बरोबर गेले. यांनी शिडीपाशी दांडा ओढला, पोत्यापाशी वाकले, बटण दाबलं. लाल दिवा विझला. मग झाकणावर हात ठेवला आणि तिथेच थांबले. हाताला कळलं. मी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. या माणसाने आयुष्यभर यंत्रं तळहाताने ऐकली आहेत.

"हे चालूच आहे," म्हणाले. पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, विझला. पुन्हा. पुन्हा. श्वास जोरात चालायला लागला. "बंद होत नाही. काहीतरी बिघडलंय. मला बंद करता येत नाही." माझ्याकडे वळून बघितलं आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मी रोज आरशात बघते. खोटं पाडू नका, डॉक्टर म्हणाले होते. खरं कसं करायचं ते सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "बिघडलं नाही. आज रात्रपाळी लावलीय."

हात बटणावरच राहिला. "कोणी सांगितलं?"

"काम मोठं आलंय. चालू ठेवायला सांगितलंय."

यांनी विचार केला.  मग मान हलली, अगदी पूर्वीसारखी. "चालू असेल तर मशीनपाशी माणूस हवं. एकटं सोडायचं नाही."

"आहे ना माणूस."

"कोण?"

"मी."

माझ्याकडे बघितलं. कोण म्हणून बघितलं ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. "भीती नाही ना वाटणार?"

"वाटते," मी म्हटलं. "पण थांबते."

यांनी जुडगा माझ्या हातात दिला. दाराकडे गेले, परत वळले. सदऱ्याला सुरकुती पडू नये म्हणून तो पाठीमागून सावरला आणि फ्रीझरला टेकून पोत्यावर बसले.

"मग मीही थांबतो थोडा वेळ," म्हणाले.